वासाचा साबण

आमच्या घरात रेशमाच्या अळ्या आधी आणि माणसं मागून. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि गाऱ्हाणंही घालत नाही, आहे ते सांगते. घरामागं शेड आहे. शेडमध्ये आठ रॅक, एकेका रॅकला पाच खण, आणि खणाखणात तुतीचा पाला खाणाऱ्या अळ्या. अळ्या कातेवर बसल्या, म्हणजे कात टाकायला खाणं सोडून मान वर करून गप्प झाल्या, की आमचे हे अंगणातून चपला हातात घेऊन चालतात. त्या दिवसांत पाला टाकायचा नाही, हात लावायचा नाही, शेडजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. मी तापानं फणफणलेली असताना ह्यांनी कधी भांडं हळू ठेवलंय असं मला तरी आठवत नाही.

दुसरा नियम वासाचा. अळीला वास सोसत नाही. तंबाखू, केसांचं तेल, अत्तर, पावडर, काही म्हणजे काही चालत नाही. एकदा एक मोठे साहेब शेड बघायला आले, डोक्याला तेल चोपडून. ह्यांनी त्यांना दारातच अडवलं. साहेब म्हणाले, पाच मिनिटांत बघून येतो. हे म्हणाले, आधी डोकं धुवा. आणि खरंच, साहेबांनी आमच्या नळाखाली डोकं घातलं. ह्यांनी स्वतःची तंबाखू पहिल्या बॅचला सोडली ती आजतागायत सुटलेली आहे, त्यामुळे समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. अंघोळीला आम्ही सगळे कपडे धुण्याचा साबण लावतो. अंगाची सालं निघतात, पण वास लागत नाही.

सून आमची शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला अळीची किळस यायची. पण नजर शिंप्याची, बोटं शिंप्याची. वर्षभरात अशी तयार झाली की पिकलेली अळी कोणती हे तिला लांबूनच कळायला लागलं. अळी पिकली की खायची थांबते, अंग पिवळसर पारदर्शक होतं, आणि ती कोष विणायला जागा शोधत डोकं हलवते. तेव्हा तिला वेचून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडायचं असतं. उशीर झाला की ती तिथंच पाल्यात नि घाणीत रेशीम काढते, आणि महिन्याभराची मेहनत मातीत जाते. मी एक वेचेपर्यंत सून तीन वेचायची. हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या सुनेच्या हाताला डोळे आहेत. तिच्यासमोर मात्र कधी नाही.

तर अशा या सुनेला मुलगी झाली. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाचं डोकं अडलं, टाके पडले. नर्सबाई स्कूटरवर घरी यायच्या. त्यांनी पहिल्याच खेपेला मला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, "सहा आठवडे. टाके खोल आहेत. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, ओणवं बसायचं नाही. बाळ झोपलं की हिनंही झोपायचं. दिवसातून चार वेळा पोटभर खायचं. एवढे दिवस नीट दिलेत तर शरीर आयुष्यभर साथ देईल. नाही दिलेत तर आयुष्यभर भोगेल." आणि हे सगळं कागदावर लिहून दिलं. ताप आला, रक्त जास्त गेलं, पोटरी दुखली, नाहीतर रडू थांबेना झालं, तर लगेच फोन करायचा. शेवटची ओळ होती, रोज दार लावून सावकाश अंघोळ.

सुनेनं तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला, अळ्यांच्या तक्त्याच्या शेजारी. हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन तक्ता वाचायचे. किती वाजता पाला, किती वाजता चुना, आत ऊब किती. शेजारच्या कागदावर त्यांची नजर कधी गेली नाही. आणि मी, जिला त्या कागदातला शब्द न् शब्द नर्सबाईंपेक्षा जास्त ठाऊक होता, मीही गप्प राहिले. का ते पुढं सांगते.

बाळ बारा दिवसांचं झालं आणि अळ्या चौथ्या कातेतून उठल्या. यानंतरचे सात-आठ दिवस म्हणजे नुसती खायखाय. दिवसाला चार वेळा फांद्या टाका, खालची घाण काढा, चुना भुरभुरा, परत फांद्या. नेमकी त्याच दिवशी पाला कापायला येणारी बाई बांधावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मुलगा तुतीच्या मळ्यात गेला कोयता घेऊन, आणि शेडमध्ये राहिलो आम्ही दोघं.

ह्यांनी चहा पिता पिता म्हटलं, "दोन हात कमी पडतायत."

आणि मी म्हटलं, "सून बसून टाकेल की पाला. बसूनच तर आहे."

हे शब्द माझे. ह्यांच्यावर ढकलता आले असते तर फार बरं झालं असतं, पण शब्द माझेच. माझ्याच्यानं फांद्यांचा भारा उचलवत नव्हता, आणि तसं मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. स्वतःची लाज झाकायला मी तिला पुढं केलं, दुसरं काय.

सून आली. बाळाला पाजून झोपवलं, कपड्याच्या साबणानं हातपाय धुतले, दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवले आणि स्टुलावर बसली. पण खण पाच. बसून हात पोचतो तो मधल्या दोन खणांना. वरच्यासाठी उठायचं, खालच्यासाठी वाकायचं. एका तासासाठी म्हणून आलेली ती तीन तास राहिली. मध्ये बाळ रडलं, दुधानं तिचा कुडता छातीवर भिजला. ती म्हणाली, जाऊन येते. हे म्हणाले, हा खण संपव आणि जा.

तो खण संपवून ती उठली, आणि स्टुलावर डाग होता. रक्ताचा, तळहाताएवढा. ह्यांनी पाहिला आणि मान फिरवली. भिंतीकडं बघून म्हणाले, "ते आधी पुसून घ्यावं. शेडमध्ये घाण नको. वर चुना टाकायचा."

तिनं फडकं घेतलं. स्टूल पुसलं. जमिनीवरही दोन थेंब होते, ते पुसायला ती गुडघ्यावर बसली. बसताना तिचा श्वास अडकला तो मी ऐकला. बारा दिवसांची बाळंतीण गुडघ्यावर बसून स्वतःचंच रक्त पुसत होती आणि मी पाल्याची फांदी हातात धरून उभी होते. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि न्हाणीघरात गेली. आत कडी लावली. आमच्याकडं अंघोळ म्हणजे चार तांबे आणि बाहेर. ही पाव तास झाला तरी येईना, अर्धा तास झाला तरी येईना. आतून पाण्याचा आवाज, मग शांतता, मग परत पाणी. आणि मग वास आला. गुलाबाचा. असला जोरदार गुलाब मी बागेतसुद्धा हुंगला नव्हता. तो न्हाणीघराच्या झरोक्यातून निघाला, अंगणभर पसरला आणि शेडच्या दिशेनं निघाला.

हे शेडमधून धावत बाहेर आले. "कोण आहे? कुणी लावलंय?"

दार उघडून सून बाहेर आली. केस ओले, तोंड धुतलेलं, बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर जरा तजेला. "मीच, बाबा," ती म्हणाली. "अंघोळ केली."

"कसल्या साबणानं?"

"वासाच्या."

एवढ्या वर्षांत बॅच चालू असताना हा गुन्हा कुणी केलाच नव्हता, त्यामुळे त्याला काय बोलायचं याची सवयच नव्हती. शेवटी म्हणाले, "आता शेडमध्ये येता येणार नाही."

"हो, माहीत आहे."

"दिवसभर येता येणार नाही. वास संध्याकाळपर्यंत जात नाही."

"खरंय."

"मग उद्या?"

"उद्यापण अंघोळ करणार," सून म्हणाली. "नर्सबाईंनी रोज करायला सांगितलीय. सहा आठवडे."

मुलगा नळावर कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता मेला. मागून कळलं, साबण त्यानंच आणून दिला होता. स्टुलाची गोष्ट तिनं त्याला आदल्या संध्याकाळी सांगितली तेव्हा तो बापाशी भांडायला निघाला होता. तिनं त्याला भांडण करू दिलं नाही, दुकानात पाठवलं.

हे नेहमीप्रमाणं माझ्याकडं वळले. "तू सासू आहेस की नाही? काढून घे तो साबण."

मीही तरातरा निघाले. खरं सांगते, मला रागच आला होता. आम्ही एवढी वर्षं अंगाची सालं काढली ती काय वेडे म्हणून? सून खोलीत आडवी होऊन बाळाला पाजत होती. मी हात पुढं केला. "दे तो साबण."

"खिडकीत आहे, घ्या," ती म्हणाली. "पण आधी बसा जरा, आई."

मी बसले.

"मला 'नाही' म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "पण मी नाही म्हटलं असतं तर घरात आठ दिवस तोंडं फुगली असती. बाबा बोलले असते, तुम्ही बोलला असता, आणि शेवटी मी रडून गेलेच असते शेडमध्ये. साबणाशी कोण भांडणार? नियम बाबांचाच आहे."

"वा गं शहाणे," मी म्हटलं.

"एक टाका उसवलाय, आई. मी आरशात बघितलं. दुखतंय आणि पू असल्यासारखं वाटतंय. नर्सबाईंना फोन केलाय, उद्या सकाळी येतायत."

आरशात बघितलं म्हणे. मी आयुष्यात कधी आरसा घेऊन स्वतःकडं असं बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही खोकताना पाय का आवळता?"

मी म्हटलं, "कुठं आवळते?"

"शिंकतानाही आवळता. भारा उचलायच्या आधी कमरेला कापड घट्ट बांधता. तुमची एक चादर रोज वेगळी वाळत असते, मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी. मी तीन वर्षं बघतेय."

शिंप्याची नजर म्हणतात ती ही. मला वाटत होतं, घरातल्या कुणाला काही ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आणि या पोरीनं तीन वर्षं बघितलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, पण आलं.

तिला सगळं सांगितलं. मुलगा नऊ दिवसांचा होता तेव्हाची गोष्ट. ती आमची दुसरीच बॅच, अळ्या पिकल्या होत्या, माणसं नव्हती. हे खोलीच्या दारात येऊन म्हणाले, एका दिवसानं काही होत नाही. मी गेले. दिवसभर ओणवी होऊन वेचलं, टोपल्या उचलल्या. तिसऱ्या दिवशी नळावर बादली उचलली आणि अंग खाली सरकलं. आपल्याच शरीरातलं काहीतरी बाहेर येऊ बघतंय, असं. मी हातानं आत ढकललं, कापड बांधलं आणि बादली घरात आणली. ते बांधलेलं कापड आजपर्यंत सुटलं नाही.

"आणि तरी तुम्ही मला बोलावलंत," सून म्हणाली. तिनं हे चिडून म्हटलं असतं तर मला झेपलं असतं. तिनं साधंच म्हटलं.

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

साबण तिथंच ठेवून मी बाहेर आले. ह्यांनी विचारलं, "घेतलास?" मी म्हटलं, "नाही. आणि परत विचारू नका."

नर्सबाई दुसऱ्या दिवशी आल्या. सुनेला तपासून त्यांनी मला असं काही झापलं की मला माझी शाळेतली बाई आठवली. टाका उसवला होता, जंतू शिरायला लागले होते, अंगात तापही होता. गोळ्या दिल्या, कोमट पाण्यात दिवसातून दोनदा बसायला सांगितलं, आणि आता अगदी पडूनच राहायचं म्हणाल्या. मुलाला आत बोलावून बाळाचा लंगोट बदलायला शिकवलं. "पाजणं हिचं काम, बाकी सगळं तुमचं," असं तोंडावर सांगितलं. त्यानं पहिला लंगोट उलटा बांधला, दुसरा तिरका, तिसरा ठीक बांधला. साबणाबद्दल मी विचारलंच. म्हणाल्या, "बाळाला लावू नका, टाक्यांवर लावू नका, बाकी अंगाला खुशाल लावू दे."

त्या बॅग भरत होत्या तेव्हा मी दार लावून घेतलं. सून पलंगावरून माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "बाई, माझंही बघता का?"

त्यांनी बघितलं. मी छताकडं डोळे लावून पडले होते. "किती दिवस आहे हे?" त्यांनी विचारलं.

"मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे."

त्या हातमोजे काढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, याला उपाय आहे. आतून आधार द्यायला एक रिंग बसवतात, मोठ्या डॉक्टरीणबाई ते करतील. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम असतो, तो आजपासूनच सुरू करायचा. लागलंच तर ऑपरेशन. आणि भारा उचलणं बंद. "इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. आणि सुनेकडं बघून म्हटलं, "कालपर्यंत."

त्या दिवसापासून मी व्यायाम सुरू केला. दिवसातून चार वेळा करायचा होता आणि अळ्यांना पालाही चार वेळा. तेव्हा मी हिशेब सोपा ठेवला. अळ्यांपुढं पाला पडला की मी भिंतीला टेकून उभी राहायची, आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. ह्यांना वाटायचं मी अळ्या मोजतेय. भारे आता मुलगा आणि हे उचलायचे. मी म्हटलं होतं, माझी कंबर धरलीय. अजून खरं सांगायची हिंमत व्हायची होती.

सून रोज सावकाश अंघोळ करायची. अर्धा तास. कधी आत गुणगुणायची. मग कोमट पाण्यात बसायची, गरम गरम जेवायची आणि बाळाबरोबर झोपायची. पहिले दोन दिवस तिला झोप लागेना. शेडमधला पाला कुरतडल्याचा आवाज खोलीपर्यंत यायचा आणि हिचे हात शिवशिवायचे. मी खिडकी लावून घेतली. चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला, सहाव्या दिवशी ती न कण्हता कुशीवर वळली. मी मुद्दाम दारात उभी राहून बघितलं. आवाज नाही, तोंड वाकडं नाही, सरळ वळली. मला एवढा आनंद झाला की मी जाऊन तिच्यासाठी परत दूध तापवलं.

आणि सातव्या दिवशी सकाळी अळ्या पिकल्या.

एकदम पिकल्या. आदल्या दिवशी उकडलं होतं त्यामुळे असेल, पण आठही रॅक एकाच दिवसात पिकायला निघाले. हे शेडमधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलगा मागोमाग. आसपासच्या सगळ्यांच्याच बॅच एका वेळच्या, तेव्हा बोलवायचं कुणाला? सून टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराकडं निघाली होती. हे तिच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"आज अंघोळ राहू दे," म्हणाले. आवाज चढवला नव्हता. आर्जव होतं, तेच जास्त वाईट. "आज फक्त. तू असलीस तर निभावेल. एका दिवसानं काही होत नाही."

सुनेनं शेडकडं बघितलं. मी तिला ओळखते. तिचा पाय हलला होता.

मी मध्ये आले. "सूनबाई, तू जा. पाणी निवतंय." ती आत गेली आणि तिनं कडी लावली. मग मी ह्यांच्याकडं वळले. "हेच तुम्ही मला म्हणाला होतात. याच शब्दांत. हा नऊ दिवसांचा होता."

"काय म्हणालो होतो?"

"एका दिवसानं काही होत नाही. झालं. माझं अंग खाली उतरलं. तेव्हापासून मी कापड बांधून फिरतेय. खोकले की कपडे ओले होतात. वर्षानुवर्षं मी तुमच्या शेजारी झोपले आणि तुम्हाला कळू दिलं नाही, कारण मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. नर्सबाईंनी बघितलंय. रिंग बसवायचीय."

मुलगा जागच्या जागी उभा. त्याच्याही कानावर हे पहिल्यांदाच पडत होतं. "तू बोलली नाहीस कधी," हे म्हणाले.

"नाही बोलले, ते माझं चुकलं. तुम्ही विचारलं नाहीत, ते तुमचं. आता हिच्या बाबतीत ते होणार नाही. आणि माझंही ऐका. मी आज स्टुलावर बसून वेचणार. वाकणार नाही, टोपली उचलणार नाही. खण काढून माझ्यापुढं आणायचे आणि परत न्यायचे, ते तुम्ही दोघांनी. जेवढं होईल तेवढं होईल."

"आणि जे होणार नाही ते?"

"ते जाईल."

हे शेडमध्ये गेले. मला वाटलं, आता दिवसभर अबोला. मी आत गेले तर स्टूल पुसून रॅकपुढं मांडलेलं होतं आणि त्यावर घडी घातलेलं पोतं.

दिवसभर आम्ही तिघं पाणी प्यायलासुद्धा थांबलो नाही. ते दोघं खण आणायचे, मी वेचायचे, ते चंद्रिका भरून भिंतीला लावायचे. ह्यांचं वय साठीचं, दुपारपर्यंत दर फेरीनंतर भिंतीला टेकायला लागले. एकदा टोपली माझ्या पायाशी ठेवताना त्यांचा तोल गेला, आणि माझा हात आपोआप पुढं गेला. "हात लावू नको," ते म्हणाले. मी हात मागं घेतला.

दुपारी सून खिडकीत आली. शेडपासून लांब, ओले केस पाठीवर. तिला राहवत नव्हतंच. म्हणाली, "बाबा, तिसऱ्या रॅकचा वरचा खण आधी बघा. पत्र्याखाली ऊब जास्त असते, तिथल्या पुढं गेल्या असतील." ह्यांनी जाऊन बघितलं. खरंच पुढं गेल्या होत्या. तो खण वाचला. मी ओरडले, "सांगून झालं ना? आता पड जाऊन." ती गेली.

सहा रॅक झाले. दोन राहिले. उन्हं कलली तेव्हा शेवटच्या दोन रॅकमधल्या अळ्यांनी पाल्यातच विणायला सुरुवात केली होती. देठात, घाणीत, एकमेकींना चिकटून, कुठंही. ह्यांनी त्यातला एक काळपट कोष उचलला आणि उजेडात धरला. एवढ्या वर्षांत ह्यांच्या हातून एक खण वाया गेला नव्हता, त्यावर ह्यांची सगळी मिजास. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून थोड्या वेचता येतील." हे म्हणाले, "राहू दे. हे गेले." आणि कोष खाली ठेवला.

नळावर हात धुताना ते माझ्या शेजारी उभे राहिले. मग विचारलं, "दुखतं का?"

"दुखत नाही. ओढ लागल्यासारखं असतं. संध्याकाळी जास्त."

"रोज?"

"रोज."

त्यांनी नळ बंद केला. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंकडं कधी जायचं?" मी म्हटलं, कोष काढून झाले की. ते म्हणाले, "कोष पोरगा काढेल. आपण परवा जाऊ." आणि आम्ही गेलो. दवाखान्याच्या बाकावर बायकांच्या रांगेत हे एकटे पुरुष, मांडीवर माझी पिशवी घेऊन बसले होते. रिंग बसली. त्या दिवशी घरी परतताना मी चालत होते आणि मला सारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, ओढ नव्हती.

कोष काढून झाले तेव्हा बाळ सव्वीस दिवसांचं होतं. त्याच दिवशी दुपारी अंडीवाल्याचा फोन आला. अळ्यांची अंडी आम्हाला तोच आणून देतो. शेड धुऊन आठवडा गेला की पुढची बॅच टाकायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत, तेव्हा तो विचारत होता की अंडी कुठल्या दिवशी आणू. ह्यांना फोन कानाला नीट धरता येत नाही, सगळ्या घराला ऐकू जातं. सून पलंगावर, मी तिच्या पायाशी, बाळ बापाच्या खांद्यावर.

"या खेपेला नको," हे म्हणाले. "दीड महिना तरी नको."

"का हो? शेडला काही झालं का?"

"शेड ठीक आहे. घरात बाळंतिणी आहेत."

"बाळंतिणी? किती?"

"दोन," हे म्हणाले. "एक सव्वीस दिवसांची आणि एक एकोणतीस वर्षांची."

पलीकडून तो काहीतरी विचारत राहिला. ह्यांनी फोन ठेवला आणि दार ओढून घेतलं, म्हणजे आम्हाला पडता यावं.